लाँसेचे पाणी

जलविद्युत्-केंद्रात ज्याने उमेदीची वर्षे वेचली आहेत, त्याला डोंगर आणि नदी यांच्याकडे निव्वळ प्रवाशाच्या दृष्टीने पाहणे सहसा साधत नाही. कडा दिसला की त्याची उंची मनातल्या मनात मोजावी, ओढा दिसला की त्यातून सेकंदाला किती पाणी वाहत असेल याचा अदमास घ्यावा, आणि त्या दोन आकड्यांच्या गुणाकारातून किती वीज निघेल याचे गणित चालता चालता मांडावे, ही खोड त्याच्या अंगी इतकी मुरलेली असते की निवृत्तीनंतरही ती जात नाही. आग्नेय फ्रान्समधील लाँसे या इझेर नदीकाठच्या लहानशा गावी मी गेलो तो याच खोडीपायी गेलो. परंतु तेथून परतताना पाण्याच्या उंचीपेक्षा पाण्याच्या हक्काचा विचार माझ्या मनात अधिक घोळत होता, आणि ज्या खात्यात मी चाकरी केली त्या खात्यातील पुढच्या पिढीसमोर तो विचार मांडावा, एवढ्याच हेतूने हा मजकूर लिहीत आहे.

ग्रेनोब्ल शहरी मी सरकारी कामानिमित्त गेलो होतो. आमच्याकडील एका जुन्या केंद्राच्या नूतनीकरणासाठी जे नवे रनर, म्हणजे पाण्याने फिरणारे चक्र, घडवायचे होते, त्याच्या छोट्या प्रतिकृतीची परीक्षा तेथील प्रयोगशाळेत होणार होती. करारात जी कार्यक्षमता कबूल केली होती ती खरोखरच मिळते की नाही हे खरेदीदाराच्या प्रतिनिधीने समक्ष पाहावे आणि तपशिलाच्या प्रत्येक कागदावर सही करावी, असा या व्यवसायाचा रिवाज आहे. हातभर व्यासाचे ते चक्र काचेच्या खिडकीआड फिरत असे आणि ठेक्यात लुकलुकणाऱ्या दिव्याच्या प्रकाशात ते जागच्या जागी स्थिर उभे असल्याचा भास होई. पाण्याचा दाब पात्यांच्या पाठीमागे फार उतरला की तेथे बुडबुड्यांची रांग उमटे. हेच बुडबुडे फुटून पोलादाला खड्डे पाडतात हे मला कोयना प्रकल्पाच्या पोफळी येथील केंद्रातील दुरुस्तीच्या दिवसांपासून ठाऊक होते, तरी त्यांचा जन्म डोळ्यांनी पाहण्याचा योग मात्र तेथेच आला. एक दशांश टक्क्यासाठी दिवसभर वादविवाद व्हावा आणि तो वाद दोन्ही पक्षांनी निष्ठेने करावा, यात मला या विद्येचे खरे तेज दिसले. त्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेले एक वृद्ध अभियंते अधूनमधून जुन्या सहकाऱ्यांना भेटायला येत. तुम्ही पेनस्टॉकवर, दाबाच्या नळावर, आयुष्य काढलेले गृहस्थ आहात, तर सुट्टीच्या दिवशी लाँसे पाहिल्याशिवाय जाऊ नका, असे त्यांनीच मला सांगितले आणि सोबतही त्यांनीच केली.

ग्रेनोब्लहून शाँबेरीकडे जाणारी रेल्वे ज्या खोऱ्यातून जाते त्यास ग्रेझिव्होदाँ म्हणतात. एका अंगास शार्त्रूझचे चुनखडीचे सरळ तुटलेले कडे, त्यांत दाँ द क्रोल नावाचे 2,062 मीटर उंचीचे टोक. दुसऱ्या अंगास बेल्दोनची कठीण स्फटिकी खडकांची रांग, जिचे सर्वोच्च शिखर 2,977 मीटरवर आहे. आणि या दोहोंमधील सपाट, रुंद तळातून बर्फाच्या पाण्यासोबत आलेल्या बारीक गाळाने करडी झालेली इझेर वाहते. लाँसे हे बेल्दोनच्या पायथ्याशी, नदीच्या डाव्या तीरावर, विलार-बोनो या नगरपालिकेच्या हद्दीत वसलेले आहे. वरच्या दरीतून एक ओढा धावत येतो आणि गावातून जाऊन इझेरला मिळतो. त्या ओढ्याला आमच्या कोकणातील पावसाळी ओहोळाइतकेही पाणी नव्हते, हे पाहून प्रथमदर्शनी मला विस्मय वाटला. सह्याद्रीत वर्षाचे पाणी चार महिन्यांत कोसळते आणि उरलेले आठ महिने ते धरणात राखून ठेवावे लागते. आल्प्समध्ये मात्र हिवाळ्याचे पर्जन्य हिमरूपाने शिखरावरच थांबते आणि वसंतापासून उन्हाळ्यापर्यंत हळूहळू खाली येते. डोंगर स्वतःच कोठार सांभाळतो, म्हणून थोड्या पाण्यावरही तेथे मोठे काम उभे राहू शकले. ते पाणी प्रचंड उंचीवरून आणता आले, हे त्याचे दुसरे कारण.

ही उंची प्रथम कामास लावणारा पुरुष म्हणजे आरिस्तिद बेर्जेस. त्यांचा जन्म 1833 साली पिरेनीजच्या पायथ्याशी, आरिएझ प्रांतातील लोर्प या गावी, एका कागद-उत्पादकाच्या घरी झाला. पॅरिसच्या एकोल सांत्राल या अभियांत्रिकी विद्यालयात त्यांचे शिक्षण झाले. लाकूड दगडी चाकावर घासून त्याचा लगदा करावा आणि त्या लगद्यापासून कागद करावा, ही कृती त्या काळी नवी होती, आणि तिची यंत्रे बसवण्याच्या निमित्ताने दोमेन येथील कागद-कारखानदार अमाब्ल मातुसिएर यांच्या निमंत्रणावरून ते या खोऱ्यात आले. लाकूड घासण्यास शक्ती फार लागते. ओढ्याकाठच्या जुन्या गिरण्या काही मीटरांच्या पडीवर चालत आणि तेवढ्यावर समाधान मानत. बेर्जेस यांनी लाँसे येथे 1869 साली दोनशे मीटर उंचीवरून लोखंडी नळाने पाणी खाली आणले आणि त्या जोरावर आपली लाकूड घासण्याची यंत्रे फिरवली. पुढे 1880 च्या दशकात त्यांनी ही उंची पाचशे मीटरपर्यंत नेली, पाणचक्कीस डायनॅमो जोडला आणि कारखान्यात विजेचे दिवे लावले. 1889 सालच्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात त्यांनी या डोंगरी शक्तीचा ‘पांढरा कोळसा’ म्हणून पुरस्कार केला, आणि तेव्हापासून ही संज्ञा आमच्या शाळांच्या भूगोलापर्यंत येऊन पोहोचली.

दोनशे मीटर उंचीचा आकडा वाचणाऱ्यास किरकोळ वाटेल. ज्याने दाबाखालील नळाच्या सांध्याशी कान लावून उभे राहण्याचे काम केले आहे त्याला तो तसा वाटत नाही. दोनशे मीटर म्हणजे चौरस सेंटिमीटरला सुमारे वीस किलो दाब, पाचशे मीटर म्हणजे पन्नास किलो. एवढा दाब सोसणारा नळ रिवेट ठोकून जोडलेल्या पत्र्यांचा, वेल्डिंगची विद्या अवगत नसलेल्या काळातला! खाली झडप एकाएकी बंद झाली तर धावत्या पाण्याचा आघात नळभर मागे जातो आणि कमकुवत सांधा फोडतो. आम्ही या भयापोटी सर्ज वेल बांधतो, गव्हर्नर लावतो, झडप किती सेकंदांत मिटावी याचे कोष्टक भिंतीवर टांगतो. पोफळीच्या जुन्या भूमिगत केंद्रात पाण्याच्या पडीची उंची पावणेपाचशे मीटरच्या सुमारास आहे, आणि तेथे रात्रपाळीत यंत्रांच्या स्वरातील बारीकसा फरकही आम्हांस बाकावरून उठवीत असे. म्हणूनच लाँसेच्या दरीत झाडीतून वर चढत जाणारा नळमार्ग पाहताना त्या प्रथम नळाखाली उभे राहिलेल्या अनाम कामगारांविषयी माझ्या मनात आदर दाटून आला. ग्रेनोब्लच्या लोहारकामाच्या कारखान्यांनी हे नळ घडवण्याची कला हस्तगत केली आणि त्यातून त्या शहराचा सारा जलविद्युत्-उद्योग वाढला. मी ज्या प्रयोगशाळेत त्या दिवसांत बसत होतो तिचे मूळही शोधू गेल्यास याच दरीत सापडते.

बेर्जेस कुटुंबाचे निवासस्थान कारखान्याशेजारीच आहे, आणि 2011 सालापासून तेथे इझेर जिल्ह्याचे वस्तुसंग्रहालय आहे. प्रवेशास मूल्य नाही. आरिस्तिद यांचे चिरंजीव मोरिस हे चित्रकार, आणि सुप्रसिद्ध चित्रकार आल्फोन्स मुखा यांचे स्नेही. त्यामुळे भिंतींवरील कागद, लाकूडकाम, काचा या सर्वांवर त्या काळच्या नव्या कलेची वळणदार मुद्रा उमटली आहे. कारखानदाराच्या घरात विद्या आणि कला एकत्र नांदाव्यात हे दृश्य मनोहर होते. कारखान्यातून मात्र आता कागद निघत नाही. या एका ओढ्यावर पिढ्यान्‌पिढ्या शेकडो घरांची चूल पेटली, खोऱ्यातील गावांत दिवे लागले, ग्रेनोब्लपासून शापारेयाँपर्यंत ट्रामगाडी धावली. कागदाचा व्यवसाय मावळला तरी ओढा वाहतच राहिला. माझ्या सोबतच्या वृद्ध गृहस्थांचे आजोबा याच कारखान्यात लगद्याच्या यंत्रावर कामाला होते. त्यांनी मला एका काचपेटीसमोर थांबवले आणि म्हणाले, “तुम्ही नळ पाहिलेत, आता दप्तर पाहा. नळ घालायला बेर्जेस यांना जेवढा काळ लागला, त्याहून अधिक काळ दावे लढण्यात गेला.”

हा भाग मला सर्वथा नवीन होता. त्या काळच्या फ्रेंच कायद्यानुसार नौकानयनास अयोग्य अशा ओढ्याच्या पाण्याचा उपयोग करण्याचा हक्क काठच्या जमिनीच्या धन्याकडे असे. वरच्या बाजूस पाणी उचलून खालच्या बाजूस सोडायचे, तर मधल्या पट्ट्यातील प्रत्येक खातेदाराची संमती किंवा त्याच्या हक्काची खरेदी आवश्यक होई. पाणी पुन्हा ओढ्यातच पडत असले तरी मधल्या टप्प्यात पात्र कोरडे पडते, आणि ज्याची गिरणी किंवा कुरण त्या टप्प्यात आहे त्याची वहिवाट बुडते. यातून कज्जे उभे राहिले. पुढे विजेचा भाव वाढला, तेव्हा केवळ अडवणूक करून मोबदला उकळण्यासाठी काठावरील अरुंद पट्टे विकत घेणारे सट्टेबाजही आल्प्सच्या दऱ्यांतून निपजले. हा प्रश्न फ्रान्सने 16 ऑक्टोबर 1919 च्या कायद्याने मिटवला: वाहत्या पाण्यातील शक्तीचा उपयोग राज्याच्या परवानगीवाचून अथवा सनदेवाचून कोणासही करता येणार नाही, आणि मोठ्या केंद्रांस मुदतीची सनदच घ्यावी लागेल. खाजगी भांडणाचा निकाल लागला खरा, परंतु त्याबरोबरच नदीविषयी अखेरचा शब्द बोलण्याचा अधिकार काठच्या माणसाच्या हातून सुटून दूरच्या दफ्तरात गेला. याच सुमारास आमच्याकडे मुळशीच्या खोऱ्यात सेनापती बापट आणि मावळे शेतकरी वीजनिर्मितीसाठी बुडणाऱ्या आपल्या जमिनींकरिता सत्याग्रह करीत होते. दोन देशांत, जवळजवळ एकाच काळी, एकच प्रश्न उभा होता.

दरीच्या माथ्याकडे बोट दाखवून ते गृहस्थ क्रोझे सरोवराविषयी सांगू लागले. हिवाळ्यात पाणी गोठून ओढा क्षीण होई आणि कारखाना अर्ध्या शक्तीवर येई, म्हणून वर डोंगरात सुमारे 1,970 मीटर उंचीवर असलेल्या या नैसर्गिक सरोवराचा साठा टंचाईच्या दिवसांत उपयोगास आणण्याची योजना बेर्जेस यांनी अमलात आणली होती. ते ऐकताना मला 13 मार्च 1999 चा दिवस आठवला. कोयनेच्या चौथ्या टप्प्यासाठी शिवसागर जलाशयाच्या तळाखाली बोगदा खणत नेऊन, शेवटचा खडकाचा पडदा सुरुंगाने उडवून, भरल्या जलाशयाचे पाणी खालून आत घेण्याचा प्रयोग त्या दिवशी झाला. धरण रिकामे न करता केलेले ते लेक टॅपिंग होते. त्यातील माझे काम कनिष्ठ अभियंत्याचे, मोजमापाच्या नोंदी ठेवण्याचे होते, तथापि पाणी ठरल्या मार्गाने आले असा निरोप येताच आम्ही सर्वांनी एकमेकांस कडकडून मिठ्या मारल्या. त्या दिवशीचा अभिमान आजही माझ्या मनात अक्षुण्ण आहे आणि तो योग्यच होता असे मी मानतो. मात्र ज्या जलाशयाच्या तळास आम्ही छिद्र पाडले त्या तळाशी कोणाची गावे होती, हा प्रश्न त्या दिवसाच्या कोणत्याही कागदावर नव्हता.

परतीच्या वाटेवर इझेरच्या बांधावरून चालताना त्या वृद्ध गृहस्थांनी मला तीन्यची हकीकत सांगितली. ही नदी जेथून येते त्या साव्वा प्रांतातील तीन्य हे जुने गाव 1952 साली धरणाच्या पाण्याखाली गेले. गावकऱ्यांनी अखेरपर्यंत विरोध केला. पोलिसांनी त्यांना घरांतून बाहेर काढले. पूर्वजांच्या अस्थी स्मशानभूमीतून उकरून वर नव्या जागी न्याव्या लागल्या. पुढे तपासणीसाठी तो तलाव रिकामा केला जाई तेव्हा म्हातारे रहिवासी आपल्या घरांची जोती पाहायला खाली उतरत. महायुद्धानंतरच्या फ्रान्सला विजेची गरज होती आणि ती गरज खरी होती, हे सांगताना त्यांचा स्वर दृढ होता. तीन्यच्या लोकांवर अन्याय झाला, हे सांगतानाही तो तितकाच दृढ होता. एका सत्याच्या बळावर दुसरे सत्य पुसून टाकण्याचा मोह त्यांनी आवरला होता. कोयनेच्या प्रकल्पग्रस्तांची गावे सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, रायगड, ठाणे अशी जिल्ह्याजिल्ह्यांत विखुरली गेली, आणि धरण पुरे होऊन अर्धशतक उलटल्यावरही त्यांतील अनेकांचे जमिनीचे प्रश्न निकाली निघाले नाहीत. त्यांची मुले-नातवंडे कोयनानगरला आणि साताऱ्याला धरणे धरून बसलेली मी पाहिली आहेत. त्यांच्या तंबूवरून माझी जीप कामावर जात असे.

लाँसेला आणखी एक भेद मला स्पष्ट दिसला. तेथे ओढ्याचे पाणी नळात शिरते, चक्र फिरवते आणि खाली पुन्हा त्याच ओढ्यात, तेथून इझेरमध्ये, पुढे वालाँसच्या वरच्या बाजूस रोन नदीत आणि अखेर भूमध्य समुद्रात जाते. शक्ती घेतली जाते, पाणी आपल्या खोऱ्यातच राहते. कोयनेचे पाणी मात्र निसर्गतः पूर्वेस कृष्णेकडे जाणारे. ते आम्ही सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेस वळवतो, पोफळीला त्याची वीज करतो आणि ते वाशिष्ठीवाटे अरबी समुद्रास मिळते. कृष्णा पाणी-तंटा लवादाने या पश्चिमेकडील वळवणीस वर्षाला 67.5 अब्ज घनफुटांची मर्यादा घातली, कारण पूर्वेकडील शेतीचाही त्या थेंबांवर दावा आहे. सांगली-सोलापूरच्या अवर्षणग्रस्त शेतकऱ्याला ही वळवणी खुपते, मुंबई-पुण्याच्या दिव्यांना आणि कारखान्यांना ती हवी असते, आणि संध्याकाळी विजेची मागणी एकाएकी चढते तेव्हा सारे राज्य पोफळीकडे पाहते, कारण औष्णिक केंद्रास जे तासांत साधत नाही ते जलचक्रास मिनिटांत साधते. या तिन्ही पक्षांचे म्हणणे मी माझ्या नोकरीत ऐकले आहे आणि तिन्हींत मला तथ्य आढळले आहे.

असे दावे कधी संपतात का? लाँसेसमोरच, नदीच्या पैलतीरी क्रोल येथे, संगणकाच्या चिपा घडवणारा मोठा कारखाना आहे. त्याला अतिशुद्ध पाणी विपुल लागते, आणि 2023 साली त्या वापराविरुद्ध त्याच खोऱ्यात मोर्चे निघाल्याचे माझ्या वाचनात आले. ज्या दरीत दीड शतकापूर्वी गिरणीवाला आणि कागदवाला पाण्यासाठी कचेरीत उभे होते, तेथे आता नव्या उद्योगाचे आणि नव्या नागरिकांचे भांडण उभे आहे. यावरून माझी अशी खात्री झाली की पाण्याच्या हक्काचा प्रश्न यंत्र बसवून सुटत नाही, कायदा करूनही एकदाचा मिटत नाही. प्रत्येक पिढीने तो नव्याने आणि न्यायाने सोडवावा लागतो. त्यासाठी काठच्या प्रत्येक पक्षाची कैफियत दप्तरात नोंदलेली असणे ही पहिली अट आहे. लाँसेच्या त्या घरात नळाची प्रतिकृती आणि दाव्यांचे कागद एकाच छताखाली ठेवले आहेत, यातच त्या लोकांच्या नागरिकत्वाची प्रौढता मला दिसली.

म्हणून माझी विनंती अशी. कोयनानगरला धरण पाहण्यास हजारो लोक येतात. तेथे एक दालन असे उभे राहावे की ज्यात पेल्टन चक्राच्या शेजारी शिवसागराखाली गेलेल्या प्रत्येक गावाचे नाव, त्याचा नकाशा, तेथील कुळांची यादी, त्यांना कोठे आणि किती जमीन मिळाली याचा खरा तपशील आणि ज्यांना अद्याप मिळाली नाही त्यांची नावे, हे सर्व मांडलेले असेल. शासनाच्या दप्तरांत यातील बराच मजकूर आहे. विस्थापितांच्या घरोघरी उरलेला आहे. तो एकत्र करण्याचे काम आमच्या खात्यातील निवृत्तांनी अंगावर घ्यावे, मी माझा वाटा उचलण्यास सिद्ध आहे. आणि जे तरुण अभियंते आज नव्या धरणांचे आराखडे काढीत आहेत त्यांनी प्रकल्प-अहवालात पाण्याची उंची लिहिण्यापूर्वी त्या पाण्याच्या काठी एकदा मुक्काम करावा.